आधी कानात, आता नळात

कानात शिसं ओतणं हा शब्दप्रयोग आपल्याला कुठल्या शाळेत शिकवला नाही. तो आपण घरातूनच घेऊन आलो. वेदाचा शब्द ज्या शूद्राच्या कानावर पडेल त्याचा कान वितळलेल्या धातूनं भरून टाका, ही शिक्षा गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलेली आहे. पंडित लोक म्हणतात, मूळ शब्द 'त्रपु' आणि 'जतु' असे आहेत, म्हणजे कथील आणि लाख, शिसं नव्हे. बरं, कथील तर कथील. आमच्या आज्यापणज्यांच्या तोंडी ते शिसंच राहिलं. कान ज्याचा भाजला त्याला धातूचं नाव ठरवायचा हक्क आहे.

हे संपादकीय शिशावर आहे. दोस्तांनो, हसू नका. आत कविता आहेत, अत्याचाराच्या बातम्या आहेत, आणि हा गोदीतला माणूस नळाचा पाईप हातात घेऊन का बसला, असं तुम्हाला वाटेल. सांगतो.

मी मुंबईत गोदीत काम करतो, ठेकेदाराच्या टोळीत. मॅट्रिकच्या पुढं शिकलो नाही. जहाजाच्या पत्र्यावरचा जुना रंग खरवडायचा, गंज झाडायचा, ह्याला आमच्यात चिपिंग म्हणतात. जुन्या बोटीचा वरचा काळा-निळा रंग निघाला की खाली लाल-नारिंगी थर लागतो. त्याला गोदीत रेड लेड म्हणतात. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वेशीवरचा मारुती आठवला. आणि बरोबरच आठवला. शेंदूर आणि रेड लेड एकच, शिशाचा ऑक्साइड. देवाला फासला तर भक्ती, पत्र्याला फासला तर गंजाला औषध, आणि खरवडणाऱ्याच्या नाकातोंडात गेला तर पोटात कळा, अंगात रक्त नाही, मनगटात जोर नाही. टोळीतल्या एका म्हाताऱ्या कामगारानं मला सांगितलं होतं, खोलीवर गेल्यावर आधी कपडे बदलायचे, मग पोराला उचलायचं. कारण त्यानं सांगितलं नाही. ते मी नंतर वाचून काढलं. तेव्हापासून शिशाबद्दल जे हाती लागेल ते वाचत आलोय, आणि वाचता वाचता गोदीतून थेट धावड्याला पोचलोय.

धावडा म्हणजे जालना जिल्हा, भोकरदन तालुका, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कडेचं गाव. मिरचीचा मुलूख. पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार ह्याच तालुक्यातला. पाणी म्हटलं की आमच्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढं टँकर उभा राहतो. २०१२-१३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात जे जिल्हे सगळ्यात जास्त होरपळले त्यांत जालना पुढं होता. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी त्या तोडून सरपण केलं. मी तेव्हा शाळेत होतो आणि घागर घेऊन टँकरच्या मागं पळत होतो.

आता वस्तीत नळ आलाय. मायनं फोनवर सांगितलं, "पाणी आलं बाबा दारात." मी विचारलं, पाईप कसला हाय? त्यावर काही छापलंय का? ती म्हणाली, "पाईपावर काय छापत असत्यात का? तू काहून असं इचारतो? पाणी आलं ना."

तिचं बरोबर आहे. जिनं चाळीस वर्षं डोक्यावर हंडा वाहिला तिच्यासाठी दारातलं पाणी म्हणजे अर्धी मुक्ती. पण आपल्याला नेमकं इथंच पकडतात. पाणी आलं ना? मग गप बसा. घरकुल मिळालं ना? मग भिंतीला तडा का गेला ते विचारू नका.

गावी गेलो तेव्हा मी तो पाईप बघून आलो. करडा, पीव्हीसीचा, निम्मा जमिनीत, निम्मा उन्हात उघडा. त्यावर ना कंपनीचं नाव, ना आयएसआयचा शिक्का, ना एक अक्षर. शेवटाला पितळी तोटी. तो टाकणाऱ्याचं नाव मी इथं घेत नाही, पाईपानंही घेतलेलं नाही. त्यात शिसं आहे असा माझा आरोप नाही. आरोप एवढाच, की त्यात शिसं नाही हे छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मला भेटला नाही.

तुम्ही म्हणाल, शिशाचे पाईप विलायतेत असतील, आपल्याकडं कुठं? खरं आहे. रोमन लोकांनी शिशाच्या नळांतून पाणी खेळवलं. शिशाला लॅटिनमध्ये प्लंबम म्हणतात आणि त्यावरून प्लंबर. म्हणजे पाना घेऊन फिरणारा आपल्या गल्लीतला प्लंबर नावानं शिसेवालाच. युरोप-अमेरिकेतल्या शहरांत घराघरात शिशाचे पाईप गेले. आपल्या वस्त्यांत पाणीच पोचलं नाही, तर शिशाचा पाईप कुठून पोचणार? उशिरा मिळण्याचा एवढा एक फायदा तरी आपल्याला व्हायला हवा होता. झाला नाही. शिसं दुसऱ्या दारानं आलं.

बिडाच्या जुन्या मोठ्या पाईपांचे सांधे बघा. तागाची दोरी ठासायची आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचं, ही रीत. लोखंडी जीआय पाईपाच्या आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा फासतात; जुना सफेदा म्हणजे पांढरं शिसं. पितळ कापायला आणि आटे पाडायला सोपं जावं म्हणून त्यात शिसं घालतात, म्हणून पितळी तोटीत शिसं. आणि पीव्हीसीचा तर जन्मच असा की तो तापवून ओढताना करपू नये म्हणून त्यात काहीतरी मिसळावंच लागतं. त्यात स्वस्तात स्वस्त काय, तर शिशाचे क्षार. कॅल्शियम-जस्ताचे क्षार वापरता येतात, पण ते महाग. पाईपाच्या आतल्या अंगावरचं शिसं थोडं थोडं पाण्यात उतरतं, आणि पाईप उन्हात पडून राहिला तर जास्त उतरतं. आपल्या देशात हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढं गेलं, आणि २०२१ साली केंद्र सरकारला पीव्हीसी पाईपातल्या शिशाविरुद्ध नियम काढावा लागला. नियम कागदावर निघाला. त्याच्या आधी जमिनीत गाडलेला पाईप कोण उकरणार? आणि भंगार प्लॅस्टिक वितळवून केलेला, शेतीला म्हणून विकलेला स्वस्त पाईप पिण्याच्या पाण्याला जोडला, तर त्याला कोण अडवणार?

आता हापशाची गोष्ट ऐका. ही आपल्या जिल्ह्याची गोष्ट आहे आणि आपल्याच पोरांना माहीत नाही. आज जगभर खेड्यापाड्यांत जो 'इंडिया मार्क टू' नावाचा हापसा चालतो त्याची वंशावळ काढली तर ती जालन्यात येऊन पोचते. जुने बिडाचे हापसे सारखे मोडत, तेव्हा जालन्यातल्या मिशनच्या लोकांनी बोअरवर टिकेल असा पंप बनवला. त्याचं नावच 'जालना पंप'. त्याच्यावरून पुढं सोलापूर पंप, आणि त्यावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं मार्क टू. हा पंप आफ्रिकेत गेला, त्याचे भाऊबंद तिथं तयार झाले. गेल्या काही वर्षांत पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, माली आणि नायजर ह्या देशांत खेड्यांतले हातपंप आणि नळ शिशासाठी तपासले गेले. काही ठिकाणी पाण्यात मर्यादेच्या वर शिसं सापडलं, आणि बोट आलं ते तोट्या-पंपांच्या पितळी भागांवर. ज्या जिल्ह्यानं जगाला हापसा दिला, त्या जिल्ह्याच्या वस्तीतला हापसा शिशासाठी कुणी तपासला? सगळे त्याला लाल-हिरवा रंग देऊन मोकळे होतात.

शिशाची एक खोड लक्षात ठेवा. ते बहुतेक वेळा उगमात नसतं, वाटेत मिसळतं. विहिरीचं पाणी स्वच्छ असेल, टाकीचं स्वच्छ असेल, तुमच्या तोटीचं नसेल. पाणी किती वेळ पाईपात थांबलं आणि पाणी कसलं आहे, ह्यावर सगळं ठरतं. आमच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड. भांड्याला जसा पांढरा क्षार धरतो तसा पाईपालाही आतून धरतो, आणि तो थर थोडंफार रक्षण करतो. म्हणून कुणी म्हणेल की मराठवाड्याला भीती नाही. थांबा. आमच्याकडं पाणी एक असतं का? पावसाळ्यात विहिरीचं, हिवाळ्यात बोअरचं, उन्हाळ्यात धरणाचं नाहीतर टँकरनं आणून टाकीत ओतलेलं. दर वेळी पाण्याचा स्वभाव बदलतो आणि आतला थर हलतो. नळ रोज येत नाही. आठ-आठ दिवस पाणी पाईपात नाहीतर घरच्या टाकीत पडून राहतं. हे सगळं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही, वास तर नाहीच.

पाणी बदललं की काय होतं ते फ्लिंटनं भोगलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या ब्लॅक पँथरवरून. फ्लिंट हे त्याच काळ्या माणसांचं, मिशिगन राज्यातलं गाव. लाखभर वस्ती, निम्म्याहून जास्त काळी, मोटारीचे कारखाने बंद पडून कंगाल झालेली. एप्रिल २०१४ मध्ये राज्यानं नेमलेल्या कारभाऱ्यानं पैसे वाचवायला डेट्रॉइटचं पाणी बंद केलं आणि फ्लिंट नदीचं सुरू केलं. पाईप झिजू नयेत म्हणून पाण्यात जे औषध टाकायचं असतं ते टाकलंच नाही. शिशाच्या जुन्या पाईपांचा आतला थर सुटला. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना गेले. अधिकारी म्हणाले, पाणी उत्तम आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्यानं ते पाणी घेणं बंद केलं, कारण इंजिनाचे भाग गंजत होते. लोखंडासाठी पाणी बदललं, पोरांसाठी नाही. पोरांसाठी अजून एक वर्ष गेलं.

ते वर्ष तरी कशानं संपलं? बायांनी. घराघरातल्या आयांनी व्हर्जिनियाच्या एका विद्यापीठाच्या लोकांकडून बाटल्या मागवल्या, अडीचशेच्या वर घरांतून पहाटेचं पहिलं पाणी भरलं आणि तपासून आणलं. पोरांची डॉक्टर मोना हॅना-अटिशा हिनं सप्टेंबर २०१५ मध्ये पोरांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे जगापुढं ठेवले. आधी तिलाही खोटं पाडायचा प्रयत्न झाला. ऑक्टोबरात पाणी परत बदललं. पुढं २०२० मध्ये राज्याला साठ कोटी डॉलरची भरपाई कबूल करावी लागली. पोरांच्या हाडात गेलेलं शिसं मात्र डॉलर देऊन निघत नाही.

शिसं अंगात काय करतं हे नीट सांगितलं पाहिजे. शरीराला ते कॅल्शियम वाटतं. म्हणून ते हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं. बाई गरोदर राहिली की हाडातलं कॅल्शियम सुटतं, त्याच्याबरोबर शिसं सुटतं आणि पोटातल्या गर्भात जातं. लहान पोरं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतात. ज्या पोराच्या ताटात दूध नाही, अंगात लोह नाही, ते आणखी जास्त घेतं. रक्त कमी होतं. पण सगळ्यात मोठा घाव मेंदूवर. लक्ष लागत नाही, आठवत नाही, चटकन राग येतो, बुद्ध्यांक उतरतो. किती शिसं चालेल? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, कितीही नाही. सुरक्षित अशी पातळीच नाही. आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. युनिसेफनं २०२० साली अंदाज दिला की भारतात साडेसत्तावीस कोटी पोरांच्या रक्तात धोक्याच्या वर शिसं आहे. ह्यात बॅटऱ्या फोडण्याचा धंदा आहे, रंग आहे, भेसळीची हळद आहे. पाण्याचा वाटा त्यात एक. पण घरोघरी सरकार स्वतःच्या हातानं जोडून देतं ती एकच गोष्ट, नळ. म्हणून त्याचा जाब आधी.

आता शाळेत चला. मागच्या बाकावर कोण बसतं? गुरुजी कुणाला 'ढ' म्हणतात? "ह्यांची डोकीच चालत नाहीत, शेवटी आनुवंशिक असतं" हे आपण किती जणांनी ऐकलंय! मग मोठेपणी तीच माणसं टीव्हीवर बसून मेरिट मेरिट म्हणून गळा काढतात. ऐंशी टक्केवाल्याची जागा चाळीस टक्केवाल्यानं खाल्ली म्हणतात. साल्यांनो, मेरिटची बाटलीबंद पाणी पिणारी पोरं आणि आठ दिवस पाईपात मुरलेलं पाणी पिणारी पोरं एकाच पट्टीनं मोजता? आमची पोरं कमी नाहीत. उपाशी पोटी, टँकरमागं पळून ती जे मार्क काढतात ते बघून तुमचे डोळे फिरायला पाहिजेत. पण ज्याच्या डोक्यात थेंबाथेंबानं विष जात असेल त्याच्याकडून हिशोब मागण्याआधी त्याच्या पाण्याचा हिशोब द्या.

कुणी कट करून आपल्याच नळात शिसं सोडलं, असं मी म्हणत नाही. शिशाला जात कळत नाही. पण पाईप कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो ते आपल्या देशात जात ठरवत आली. टाकी गावात, वस्ती शेवटाला. सगळ्यात लांब पाईप आपला, सगळ्यात शिळं पाणी आपलं, उरलेल्या पैशात उरकलेलं काम आपलं.

तपासणीचं काय? जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, माणशी ५५ लिटर नळानं देऊ म्हणाले, २०२४ ची मुदत हुकली, ती आता २०२८ पर्यंत वाढवलीय. त्यात प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलं. चांगली गोष्ट आहे, मी नावं ठेवणार नाही. पण त्या किटात काय तपासतात? गढूळपणा, सामू, जडपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, क्लोरीन, जंतू. शिसं त्यात नाही. शिसं मोठ्या प्रयोगशाळेतल्या यंत्राला दिसतं. गावाला आरोग्य खात्याकडून हिरवं कार्ड मिळतं, टीसीएल पावडर वेळेवर पडते, म्हणून सगळे खूश. ते कार्ड साथीच्या रोगांचं आहे. हिरव्या कार्डाच्या गावात तोटीतून शिसं येऊ शकतं, आणि टीसीएलनं ते मरत नाही, कारण ते जिवंत नाही. उकळूनही जात नाही. पाणी आटलं की उलट दाट होतं. तुरटीवर भरवसा ठेवू नका. फडक्यानं गाळून तर काहीच नाही.

ह्या देशात पाण्याची तपासणी आपल्याबाबत फार जुनी आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर आपल्या माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. बोल्यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा १९२४ चा, तळं कागदावर खुलं होतंच. तरी डोकी फुटली. मग तळं बाटलं म्हणून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते 'शुद्ध' केलं. आपल्या बोटांत विष आहे हे त्यांना कुठल्या किटाशिवाय कळलं होतं. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला मार्च १९३७ उजाडला. आणि २०१६ साली वाशीम जिल्ह्यातल्या कोळंबेश्वरला बायकोला विहिरीवरून हाकललं म्हणून एका दलित मजुराला चाळीस दिवस एकट्यानं खडक फोडून विहीर खणावी लागली. पाण्याला हात लावायचा हक्क मिळवण्यातच आपल्या तीन पिढ्या गेल्या. पाण्यात काय आहे ते विचारायचा हक्क त्याच हक्काचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो आपण अजून मागितलेलाच नाही.

म्हणून हे करायचं. 'हर घर जल' झालं असा ठराव ग्रामसभेत होतो, त्याशिवाय गावाला प्रमाणपत्र नाही. त्या दिवशी कामाला जाऊ नका. हात वर करण्याआधी विचारा: पाईप कुठल्या कंपनीचा, त्यावर आयएस ४९८५ चा शिक्का आहे का, तो शिसं न घालता केल्याचा कागद कुठाय, तोट्या कसल्या आहेत? पाणीपुरवठा समितीत निम्म्या बाया आणि दुर्बल घटकांची माणसं घ्यायचा नियम आहे. आपल्या वस्तीतली कोण आहे ते नावानं विचारा. कागदावर अंगठा असलेली पण बैठक कधी न पाहिलेली बाई असेल तर तिला हाताला धरून बैठकीत न्या. आणि मागणी लिहून द्या: शिशाची तपासणी, विहिरीवर किंवा टाकीवर नाही, वस्तीतल्या शेवटच्या तोटीवर.

तोपर्यंत घरात एवढं पाळा. रात्रभर थांबलेलं पहिलं पाणी पिऊ नका. अमेरिकेतली पुस्तकं सांगतात, नळ पाच मिनिटं सोडून द्या. ज्याला चोवीस तास पाणी आहे त्यानं द्यावं सोडून. आपल्याकडं नळ येतो अर्धा तास. ते पहिलं पाणी सड्याला, भांड्याला, धुण्याला घ्या, नंतरचं प्यायला भरा. तान्ह्याच्या दुधाला, खिचडीला, चहाला नंतरचंच. पाईप उघडा असेल तर मातीनं झाका.

मिशनच्या प्रयोगशाळा २०२१ पासून सामान्य लोकांसाठी थोड्या फीवर खुल्या केल्या आहेत. बाटली देताना शिसं तपासायचं आहे असं लिहून द्या. तिथं यंत्र नसेल तर वरच्या प्रयोगशाळेत पाठवा म्हणा, आणि पावती घ्या. नमुना पहाटेचा, नळ उघडल्याबरोबरचा, एक लिटर, स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत. बाटलीवर गाव, वस्ती, तारीख, वेळ, आणि पाईप कसला ते लिहा. धावड्याची पहिली बाटली मायच्या तोटीची, ती मी स्वतः भरून नेणार आहे. बाकीच्यांनी आपापल्या गावच्या पावतीची नक्कल ह्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकात कवितांची चार पानं कमी करू आणि वस्तीवार आकडे छापू. ज्यांनी नमुना घ्यायला नकार दिला त्यांचं उत्तरही, जसंच्या तसं.

जयभीम.